होळचा शिलेदार आणि त्याचें घर
(सुभेदार मल्हारराव होळकराच्या चरित्राची एक उपेक्षित बाजू)

सुभेदार मल्हारराव होळकराचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत येतें तें मोहिमांच्या अनुषंगानें. माळवा, दिल्ली, कुंभेर, पानिपत या प्रकरणांवर पुष्कळ कागद छापून झाले आहेत व त्यांवर वादही पुष्कळ झाला आहे. तो वाद येथें उकरून काढण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचा विषय मर्यादित आहे. मल्हारराव हा मूळचा खेड्यांतला घोडेस्वार व अखेरपर्यंत घरावर दृष्टि ठेवून वागणारा कुटुंबवत्सल गृहस्थ होता. आणि ही दुसरी बाजू सोडून दिली तर होळकरांची दौलत त्याच्यामागें टिकली कशी, या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

मल्हाररावाचा जन्म इ. स. १६९३ मधला. नीरेच्या कांठचें होळ हें त्याचें मूळ गांव व त्यावरूनच होळकर हें उपनांव. जात धनगर. बाप खंडोजी हा मल्हारीच्या बालपणींच वारला, तेव्हां आई त्यास घेऊन खानदेशांत तळोद्यास आपला भाऊ भोजराज बारगळ याच्याकडे गेली. सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मध्यहिंदुस्थानावरील ग्रंथांत, निजलेल्या मल्हारीवर नागानें फणा धरल्याची कथा दिली आहे. असल्या कथा अनेक वंशसंस्थापकांविषयीं सांगतात. तिला प्रमाण मानण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्या मागची परिस्थिति खरी आहे. बापाविना वाढलेला एक मुलगा मामाच्या मेंढरांमागें रानांत हिंडत होता.

भोजराज हा सरदार कदम बांडे यांच्या पदरीं थोडे स्वार बाळगून होता. त्या पथकांत मल्हारी दाखल झाला व तेथेंच तो स्वार म्हणून नांवारूपास आला. पुढें मामानें आपली मुलगी गौतमाबाई त्यास दिली. म्हणजे आश्रय, घोडा आणि बायको या तिन्ही गोष्टी त्यास एकाच घरांतून मिळाल्या. बांड्यांची चाकरी सोडून पेशव्यांकडे आल्यावरही त्यानें आपल्या निशाणास बांड्यांच्या निशाणाचे रंग ठेवले, असें माल्कम लिहितो. कृतज्ञतेची ही खूण पुढें होळकरांचें राजचिन्ह होऊन बसली.

येथें शिलेदार या शब्दाचा अर्थ ध्यानांत घेतला पाहिजे. बारगीर सरकारच्या घोड्यावर बसतो. त्याचा घोडा मेला तर सरकारचा मेला. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येतो. त्याचा घोडा हेंच त्याचें भांडवल; तो गेला कीं रोजमुरा धोक्यांत आणि घरचीं माणसें उघड्यावर. दसऱ्यास सीमोल्लंघन करून निघालेला असा स्वार पावसाळ्यास परत येई तों घर बायकामाणसांच्या हातीं असे. शेत, गुरें, देणेंघेणें, मुलांचीं लग्नें हें सर्व त्याच पाहत. अशा घरांत वाढलेल्या माणसास स्त्रियांच्या कर्तृत्वाचा विश्वास शिकवावा लागत नाहीं.

इ. स. १७२८ च्या नोव्हेंबरांत अमझऱ्याजवळ चिमाजी अप्पानें माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर यास मारलें व माळवा मराठ्यांस मोकळा झाला. पुढें त्या प्रांताची होळकर, शिंदे व पवार यांच्यांत वांटणी झाली. मात्र ही दौलत सरंजामी होती. सरंजाम हा फौजेच्या खर्चासाठीं दिलेला; चाकरी चुकली किंवा धन्याची मर्जी फिरली तर तो जप्त होऊं शके. अशा स्थितींत १७३४ च्या जानेवारींत बाजीरावानें गौतमाबाईच्या नांवें वेगळी खासगी जहागीर करून दिली. तिचें उत्पन्न सुमारें ३ लक्ष रुपये होतें व महेश्वर, इंदूर, चांदवड, अंबड इत्यादि ठिकाणचे महाल व गांवें तींत होतीं. सरंजाम फौजेचा आणि खासगी घराची, ही विभागणी या सनदेनें कायम झाली. हयातभर रणांत वावरणाऱ्या सरदारानें उत्पन्नाचा एक भाग बायकोच्या नांवानें वेगळा व वंशपरंपरा करून घ्यावा, याचा संबंध त्याच्या पोरक्या बालपणाशीं असावा असा आमचा तर्क आहे. घोडेस्वार पडला तरी घर पडूं नये, ही चिंता त्या सनदेच्या मागें आम्हांस दिसते.

ही चिंता पुढें खरी ठरली. मार्च १७५४ मध्यें कुंभेरच्या वेढ्यांत एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. मल्हाररावाच्या शोकास पारावार राहिला नाहीं. सूरजमलाचें शिर घेईन व कुंभेरची माती यमुनेंत टाकीन, अशी प्रतिज्ञा त्यानें केल्याचें बखरी सांगतात. पुढें सूरजमलानें जयाप्पा शिंद्याशीं संधान बांधलें, वेढा उठला, आणि होळकर-शिंद्यांच्या वितुष्टास बळ मिळालें. बापाचें दुःख राजकारणांत असें उतरलें. परंतु त्याच दुःखांत त्यानें दुसरी एक गोष्ट केली. खंडेरावाच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहल्याबाई निघाली असतां सासऱ्यानें तिला परोपरीनें विनवून मागें फिरविलें. प्रतिज्ञा फळास गेली नाहीं, विनवणी गेली; आणि दौलत तगली ती या विनवणीमुळें.

सुनेस त्यानें नुसतें जगविलें नाहीं, कारभारांत घेतलें. १७६५ मधील त्याच्या पत्रांत तिला ज्या आज्ञा आहेत त्या मुत्सद्द्यास किंवा सरदारास कराव्या तशा आहेत: चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावें, तेथें चार-पांच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना जवळ ठेवून दारूगोळ्याची होईल तितकी तरतूद करावी, वाटेच्या रक्षणास चौक्या बसवाव्या. सत्तरी ओलांडलेला सासरा विधवा सुनेस तोफखाना सांगत आहे, असा कागद त्या काळीं विरळाच.

गौतमाबाई १७६१ मध्यें वारली. खासगी पुढें अहल्याबाईकडे आली. स्वतः मल्हारराव २० मे १७६६ रोजीं आलमपूर येथें मरण पावला. नातू मालेराव वर्षाच्या आंतच गेला. सरळ वंशांत पुरुष उरला नाहीं, तेव्हां गंगाधर यशवंत चंद्रचूडानें राघोबादादाच्या साह्यानें दौलतींत हात घालण्याचा यत्न केला. अहल्याबाई डगमगली नाहीं. माधवराव पेशव्यानें तिचा हक्क मानला व फौजेचें काम तुकोजी होळकराकडे गेलें. १३ ऑगस्ट १७९५ रोजीं तिचा अंत होईपर्यंत राज्य चाललें. काशीपासून सोमनाथापर्यंतच्या तिच्या धर्मकृत्यांस खासगीचा मोठा आधार होता. १९४८ मध्यें संस्थान विलीन झालें. १९६२ मध्यें खासगीच्या धर्मादायांचा न्यास झाला. गौतमाबाईच्या नांवें झालेली एक घरगुती व्यवस्था खुद्द राज्यापेक्षां अधिक टिकली.

मल्हारराव एकपत्नीव्रती नव्हता. हरकूबाई ही त्याची खांडाराणी प्रसिद्ध आहे, व त्याच्या लुटीच्या हकीकती राजपुतान्यांत अद्याप सांगतात. त्याला साधु ठरविण्याची आवश्यकता नाहीं. पण ज्या मामाच्या घरीं तो वाढला, त्याच घरची मुलगी त्याच्या खासगीची धनीण झाली आणि त्याची सून त्याच्या राज्याची; ही सांखळी मोहिमांच्या यादींतून हातीं लागत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. दप्तरें चाळतांना राजकारणी पत्रें वेचून घ्यावयाचीं आणि लग्नखर्चाच्या यादी, चोळीबांगडीच्या सनदा, वांटणीपत्रें, घोड्यांच्या खरेदीचे हिशेब, सासू-सुनांचीं पत्रें हे कागद खासगी म्हणून बाजूस टाकावयाचे, अशी चाल पडली आहे. वाळवीस बळी पडतात ते बहुधा हेच रुमाल. शिलेदारी घराण्यांचे, मग तें घराणें लहान कां असेना, असे मोडी कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते मूळ बांधणी न मोडतां जपावे, कोणत्या गांवीं व कोणाच्या घरीं मिळाले ही टीप प्रत्येक रुमालावर लिहावी, आणि निदान त्यांची यादी तरी प्रसिद्ध करावी.