न गंजणारे पिस्तूल

इंग्लंडातील शेफील्ड हे शहर सुऱ्या-कात्र्यांसाठी पिढ्यान् पिढ्या विख्यात आहे. तेथील एका प्रयोगशाळेत १९१२ साली हॅरी ब्रेअर्ली ह्या धातुशास्त्रज्ञापुढे एक प्रश्न आला. बंदुकीच्या नळ्या आतून फार लवकर झिजतात. त्या टिकाव्यात म्हणून कोणते पोलाद वापरावे? ब्रेअर्ली हा भट्टीवर पोलाद वितळविणाऱ्या कामगाराचा मुलगा. कोवळ्या वयातच कारखान्यात शिरून धातूचे ज्ञान त्याने हातांनी मिळविले होते. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने जे पोलाद ओतविले त्यात १२.८ टक्के क्रोमियम होते. परीक्षेसाठी त्याचा तुकडा नेहमीप्रमाणे आम्लात बुडविला, तर आम्लाचा त्याच्यावर काही परिणामच होईना! नळीचा प्रश्न बाजूला राहिला आणि सुरीचा सुटला. हा शोध सर्वस्वी एकट्या ब्रेअर्लीचा, असे मात्र म्हणता येत नाही. जर्मनीत आणि अमेरिकेतही त्याच सुमारास असे प्रयत्न यशस्वी होत होते.

बंदुकीच्या चिंतेतून जन्मलेला हा धातू बंदुकीच्या घरी परत यावयास अर्धे शतक लागले. हे पोलाद महाग होते आणि यंत्रावर कापावयास हट्टी होते. शिवाय जुना उपाय बरा चालला होता. तो उपाय मोठा गमतीचा आहे. पोलादावर रासायनिक क्रियेने जी निळसर-काळी झाक आणतात, ती म्हणजे एका परीने मुद्दाम चढविलेला पातळ गंजच होय. तांबड्या गंजाला काळ्या गंजाने अडवावयाचे, इतकाच त्याचा अर्थ. पण घामाने आणि खाऱ्या हवेने ही झाक हटते. पावसाळ्यात कोयत्याला तेल लावून ठेवणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

१९६५ साली अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन ह्या कंपनीने आपले पाच गोळ्यांचे लहानसे रिव्हॉल्व्हर सर्वस्वी न गंजणाऱ्या पोलादात काढले. कपड्यांखाली, अंगाला घासून बाळगावयाच्या शस्त्राला हा धातू अगदी मानवला. स्वयंभरण पिस्तुलाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात प्रत्येक गोळीसरशी वरचा पोलादी भाग खालच्या सांगाड्यावरून मागे-पुढे धावतो. न गंजणाऱ्या पोलादाचे रक्षण त्याच्यावरील क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा करीत असतो. घर्षणाने तो फाटला की आतील उघडा धातू समोरच्या उघड्या धातूला चिकटू पाहतो. चरे पडतात, यंत्र अडखळते. ज्या गुणामुळे हा धातू निवडावयाचा, त्याच्याच पाठीशी हा दोष लपलेला होता!

हे आव्हान कॅलिफोर्नियातील हॅरी सॅनफोर्ड ह्याने अंगावर घेतले. पॅसाडीना येथून १९७१ मध्ये त्याचे ‘ऑटो मॅग’ हे भले मोठे पिस्तूल बाजारात आले. त्याची काडतुसेही प्रथम रायफलीची पुंगळी कापून बनवावी लागत. पिस्तूल अपूर्व होते; पण विक्रीच्या किमतीतून घडणीचा खर्च भरून निघेना आणि १९७२ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. सॅनफोर्ड खचला नाही. १९७७ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने, जॉन ब्राउनिंगच्या १९११ सालच्या प्रसिद्ध लष्करी पिस्तुलाची संपूर्ण न गंजणारी पहिली आवृत्ती ‘हार्डबॉलर’ नावाने आणली. चरे पडण्याची तक्रार तिच्याही वाट्यास आली. पुढे घासणाऱ्या दोन भागांना निरनिराळ्या जातीचे व निरनिराळ्या कठीणपणाचे पोलाद देऊन, आणि दाट वंगण वापरून, ती पुष्कळशी आटोक्यात आली.

येथे हौशी कारागिरांचा प्रवेश होतो. निळ्या पिस्तुलावर कानस चालविली की झाक जाते आणि सारे पुन्हा रंगवावे लागते. ह्या धातूचा रंग आतबाहेर एकच. त्यामुळे मनसोक्त घडवावे, मुठीवर बारीक चौकडीदार खाचा पाडाव्यात, सपाट बाजू आरशासारख्या उजळाव्यात आणि गोलाईवर काचेच्या मण्यांचा मारा करून मंद झळाळी आणावी. १९७६ नंतर नेमबाजीच्या नव्या स्पर्धा वाढल्या, तशी ह्या कारागिरीला मागणीही वाढली.

संग्राहक मात्र ह्या कानशीवर रुष्ट असतो. त्याला हवे ते कारखान्यातून निघालेले जसेच्या तसे पिस्तूल. मूळ खोका व कागदपत्रांसह असेल तर अधिकच. रँडॉल ह्या कंपनीचे उदाहरण घ्यावे. १९८३ ते १९८५ एवढेच तिचे आयुष्य, आणि पिस्तुले दहा हजारांहून थोडी कमी. त्यांतील काही डावखुऱ्यांसाठी आरशातील प्रतिबिंबासारखी उलटी घडविलेली. कंपनी बुडाली म्हणूनच आज त्यांचा शोध चालतो. अशा पिस्तुलावर कुणी नवशिक्याने कानस फिरवली, की जाणत्यांच्या लेखी ते उतरलेच. उलट, ली जुरास ह्या जाणकाराने १९७० च्या दशकात सजवून विकलेली मोजकी ‘ऑटो मॅग’ मूळ पिस्तुलांपेक्षा अधिक मोल मिळवितात. फेरफार तोच, फरक पडतो तो हाताच्या नावाचा.

भारतात ह्या छंदाला वाव नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच बंदुका बाळगता येतात. आणि माणसे मारण्यासाठी घडलेल्या वस्तूची ही हौस ऐकून कुणाला नवल वाटले, तर तेही गैर नाही. अमेरिकेतील संग्राहकाच्या कपाटात ही पिस्तुले बहुधा न झाडताच पडून असतात. पण तीही चामड्याच्या म्यानात ठेवीत नाहीत. कमावलेल्या कातड्यातील क्षार आणि ओल ह्यांनी ह्या पोलादालाही डाग पडतात. म्हणून जाणता संग्राहक अधूनमधून पिस्तूल बाहेर काढतो आणि त्याच्यावर तेलाचे फडके फिरवून पुन्हा कपाटात ठेवतो.