दूरदेशीची मराठी आणि आकाशाची कथा

मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगू लागले की पुण्या-मुंबईचीच नावे प्रथम ओठांवर येतात. ते स्वाभाविकच आहे. मासिके तेथली, प्रकाशक तेथले आणि वाचकही बहुसंख्य तेथलेच. परंतु मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हा इतिहास पुन्हा चाळताना आम्हांस एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. या वाङ्मयाच्या दोन महत्त्वाच्या आरंभांचे धागे महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या मराठीशी जुळलेले आहेत.

पहिला धागा थेट कोचीनचा. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी 1886 साली तेथे ‘केरळकोकिळ’ हे मराठी मासिक सुरू केले. याच मासिकातून 1900 साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप वाचकांपुढे आले. मल्याळी मुलखात जन्मलेल्या मासिकाने मराठी मनाला चंद्राची वाट दाखवावी, हा योगायोग मोठा मनोज्ञ होय.

पुढे 1915 च्या सुमारास श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा ‘मनोरंजन’ मासिकात आली. मराठीतील पहिल्या स्वतंत्र विज्ञानकथांत तिची गणना होते. हे रानडे पुढे रविकिरण मंडळातील कवी म्हणून ओळखले गेले, हे विशेष. विज्ञान आणि काव्य यांचे हाडवैर आहे, हा समज त्यामुळे फोल ठरतो. 1942 च्या ‘विशाखा’ संग्रहात कुसुमाग्रजांनीही पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेतून प्रीतीची व्यथा गायिली आहेच.

त्यानंतर भा. रा. भागवत, नारायण धारप प्रभृतींनी ही वाट चालती ठेविली. पण तिचा राजमार्ग झाला तो 1974 साली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथास्पर्धा जाहीर केली होती. तीत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेस पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे टोपणनाव घेतले होते. प्रस्थापित शास्त्रज्ञ नवशिक्या लेखकांच्या रांगेत उभा राहिला आणि केवळ कथेच्या बळावर निवडला गेला. 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी तो समृद्ध केला.

येथे आमच्या मुद्द्याचे मर्म आहे. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, पण बालपण गेले काशीस, जेथे वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. शाळेत हिंदी, घरात मराठी. पुढे केंब्रिजमध्ये इंग्रजी. तरीही कथा सुचली ती मराठीतच उतरली, आणि आयुष्याची कहाणीही त्यांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ या नावाने मराठीतच लिहिली. 2021 च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. 20 मे 2025 रोजी ते निवर्तले.

आपली मुलेही शाळेत हिंदी, पंजाबी, इंग्रजी शिकतात. मराठी उरते ती घरात आणि मंडळाच्या गणेशोत्सवात. एवढ्याशा मराठीने काय होणार, अशी खंत आपण वारंवार व्यक्त करतो. ती खोटी नाही. पण काशीच्या त्या घरातही मराठी घरापुरतीच होती. फरक इतकाच की ती रोज बोलली आणि वाचली जात होती.

आपले चंदीगड हेही आधी कागदावरच कल्पिलेले नगर. 1951 साली ल कार्बुझिए यांनी त्याचा आराखडा आखला, आणि शिवालिकच्या पायथ्याशी शेते होती तेथे ते उभे राहिले. अशा नगरीतल्या मुलांना कल्पनेचे वावडे कसे असेल? म्हणून आमची मंडळास एवढीच विनंती आहे. यापुढील अंकांत ज्येष्ठांच्या लेखाशेजारी एखाद्या मुलाची कथा वा कविताही छापावी. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आपण सुधारू. चंद्रावर जाण्याचे धाडस मात्र त्याचे त्यालाच करू द्यावे.