रुग्ण-समन्वयक : आरोग्यातील समन्यायाचा दुवा

आजारी माणसाला औषध मिळाले म्हणजे त्याला उपचार मिळाले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु औषधाची चिठ्ठी हाती पडणे आणि उपचार पूर्ण होणे यांत फार मोठे अंतर आहे. प्रवासखर्च, बुडणारा रोज, शिधापत्रिकेवरील नावातील चूक, न समजणारी भाषा, घरी सांभाळायला कोणी नसलेली लहान मुले, अशा कितीतरी अडचणी या अंतरात दडलेल्या असतात. त्या ओळखून रुग्णाला शेवटपर्यंत साथ देणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत ‘केस मॅनेजर’ म्हणतात. आपण तिला रुग्ण-समन्वयक म्हणू या.

समानता आणि समन्याय

सर्वांना सारखेच देणे म्हणजे समानता. ज्याची अडचण मोठी, त्याला त्या प्रमाणात अधिक आधार देणे म्हणजे समन्याय. ब्रिटिश अभ्यासक मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी या विषयाची सुबोध मांडणी केली. आरोग्यातील जे फरक अनावश्यक, टाळता येण्याजोगे आणि अन्याय्य असतात, त्यांना त्यांनी आरोग्यातील विषमता म्हटले. मुंबईतील मोठ्या रुग्णालयाचा दरवाजा परळच्या रहिवाशाला आणि मोखाड्याच्या पाड्यावरील शेतमजुराला सारखाच उघडा असतो. परंतु त्या दरवाजापर्यंत पोहोचण्याची आणि तेथे पुन्हा पुन्हा येण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

या सेवेचा उगम

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्ट्यूअर्ट यांची ‘आल्मनर’ म्हणून नेमणूक झाली. रुग्णाच्या परिस्थितीची चौकशी करणे आणि त्याला योग्य त्या मदतीशी जोडून देणे हे त्यांचे काम होते. १९०५ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी समाजसेविकेला वैद्यकीय कामात सामील करून घेतले. घरची स्थिती कळल्याशिवाय रोगाचे निदान अपुरे राहते, अशी त्यांची धारणा होती. आपल्याकडे मुंबईत १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अनुभव विशेष बोलका आहे. तेथील शल्यविशारद डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांच्या रुग्णालयात स्तनकर्करोगाच्या गरीब स्त्रिया फार उशिरा येत आणि निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्के होते. त्यांनी मोफत वा अल्पदरात तपासणी सुरू केली आणि १९९० मध्ये त्या स्त्रियांना वाट दाखविणारे मार्गदर्शक नेमले. नंतरच्या काळात उपचार घेतलेल्या स्त्रियांत हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. तपासणीची सोय आणि हात धरून नेणारा माणूस या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हाच हा बदल घडला, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

महाराष्ट्रातील चित्र

आपल्या राज्यात हे काम निरनिराळ्या नावांनी चालते. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयांमध्ये ‘आरोग्यमित्र’ नेमलेले असतात आणि या योजनेखाली २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सहकार्याने रुग्ण-मार्गदर्शकांचा अभ्यासक्रम उभा केला आणि त्याला रामायणातील नावाड्याचे ‘केवट’ हे समर्पक नाव दिले.

धर्मादाय रुग्णालयांचा विषय येथे मुद्दाम सांगावासा वाटतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. मात्र ही सोय अनेकांना ठाऊकच नसते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका वेळेवर सादर झाली नाही, तर कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहतो. समन्वयकाचा एक दूरध्वनी वा एक अर्ज येथे कुटुंबाची जमीन गहाण पडण्यापासून वाचवू शकतो.

कामाची पद्धत

चांगला समन्वयक प्रथम रुग्णाचे शांतपणे ऐकून घेतो. त्यानंतर अडचणींची यादी, त्यांवरील उपाय, योग्य योजनेशी जोडणी आणि नियमित पाठपुरावा अशा क्रमाने तो पुढे जातो. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, बरे वाटू लागते आणि रुग्ण कामासाठी वीटभट्टीवर निघून जातो. अशा वेळी ‘गोळ्या का सोडल्या?’ असे दरडावण्यापेक्षा नव्या ठिकाणच्या आरोग्यकेंद्रात त्याच्या गोळ्यांची व्यवस्था लावणे अधिक हिताचे असते. निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. पण रुग्णाचे बँक खाते नीट जोडलेले नसेल, तर तीही अडून राहते. हे लहानसे काम पाहणारा कोणीतरी हवा.

मर्यादा आणि जबाबदारी

समन्वयक रिकामी औषधपेढी भरू शकत नाही, की नसलेला डॉक्टर आणू शकत नाही. एकाच व्यक्तीवर शेकडो रुग्णांचा भार टाकला, तर तिचे काम केवळ शिक्के मारण्यापुरते उरते. शिवाय ‘पात्र’ व ‘अपात्र’ ठरविण्याचा अधिकार हाती आल्यावर वाटाड्याचा द्वारपाल होण्याचा धोका असतो. रुग्णाची संमती, त्याच्या माहितीची गुप्तता आणि त्याचा आत्मसन्मान ही या सेवेची पथ्ये होत.

आम्हांला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाच तालुक्यातील दहा रुग्ण एकाच दाखल्यासाठी अडत असतील, तर तो दहा जणांचा दोष नसून व्यवस्थेचा दोष आहे. समन्वयकाच्या वहीतील अशा नोंदी रुग्णालयाच्या व्यवस्थापनापर्यंत आणि शासनापर्यंत पोहोचल्या पाहिजेत. एका रुग्णाची वाट मोकळी करणे हे सेवाकार्य आहे. त्या वाटेवरील धोंडा कायमचा दूर करणे हा समन्याय आहे.