पडदा जुना, पेटी नवी

पुण्यातल्या अनेक घरांत सध्या एक प्रश्न चर्चेत असतो. भिंतीवरचा टीव्ही काही वर्षांपूर्वीचा आहे, पण चित्र अजून लख्ख आहे. त्याला जोडलेली स्ट्रीमिंगची पेटी मात्र अडखळते, मधूनच बंद पडते, एखादं अ‍ॅप तर उघडतच नाही. मग नवी पेटी घ्यावी, सगळा टीव्हीच बदलावा, की आहे त्यावर भागवावं? तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन किमती विचारण्याआधी या पेटीचं कूळ समजून घ्यावं. निवड कशाच्या आधारावर करायची, हे त्यातून कळतं.

पेटीचा मूळपुरुष अमेरिकेत सापडतो. तिथल्या टीव्हीसंचांवर २ ते १३ एवढेच चॅनेल लागत. १९५२ मध्ये सरकारने यूएचएफ हा लहरींचा नवा पट्टा खुला केला आणि १४ ते ८३ क्रमांकांची भर पडली. घरोघरी असलेले लाखो संच हे नवे चॅनेल पकडू शकत नव्हते. महागडा संच टाकून देणं परवडणारं नव्हतं, म्हणून लोकांनी त्याच्या डोक्यावर एक छोटा कन्व्हर्टर ठेवला. नवी लहर जुन्या संचाला कळेल अशा लहरीत बदलून देणं, एवढंच त्याचं काम. पुढे १९६२ च्या कायद्याने हे काम संचातच असलं पाहिजे असं ठरलं, १९६४ पासून सगळे संच तसे निघू लागले आणि कन्व्हर्टरची गरज हळूहळू संपली. पडदा टिकाऊ असतो आणि संदेश पाठवण्याची रीत बदलत राहते. या दोघांतलं अंतर भरून काढायला पेटी जन्मली.

पुण्यात सुरुवातीला असं अंतरच नव्हतं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि थोड्याच काळात सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुण्यात दिसू लागलं. गच्चीवर अँटेना लावायचा आणि त्याचं तोंड सिंहगडाकडे करायचं, की झालं. वाऱ्याने तो फिरला की एकाने वर जाऊन तो हलवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचं. आकाशातला संदेश थेट संचात येत होता, त्यामुळे मध्ये पेटीला काही कामच नव्हतं.

उपग्रहाशीही पुणे जिल्ह्याचं नातं जुनं आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तिथली तबकडी सुमारे ३० मीटर व्यासाची होती. वीस वर्षांत उपग्रह इतके ताकदवान झाले, की केबलवाल्याच्या गच्चीवरची काही फुटांची डिशही पुरू लागली. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही आलं, आणि पेठांतल्या वाड्यांवरून व सोसायट्यांच्या गच्च्यांवरून काळ्या वायरी धावू लागल्या. मोजकेच चॅनेल धरणाऱ्या जुन्या संचांना पुन्हा कन्व्हर्टर जोडावा लागला. अमेरिकेतला तो मूळपुरुष चाळीस वर्षांनी आपल्या घरी आला तो असा.

पण या काळात पेटीच्या कामात एक मोठी भर पडली. केबलच्या वायरीतून सगळे चॅनेल सगळ्यांना जात. कोणत्या घरात काय दिसतं आणि केबलवाल्याची नेमकी किती गिऱ्हाइकं आहेत, हे चॅनेलवाल्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि पैशांवरून सतत वाद होत. त्यातून संदेश कुलूपबंद करून पाठवायचा आणि किल्ली घरातल्या पेटीत ठेवायची, ही पद्धत आली. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबई होती, दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं. त्यांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडही होतं. मुदत ठरली ३१ मार्च २०१३. अ‍ॅनालॉग केबल बंद होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. चॅनेल वाढले, चित्र सुधारलं. पण यापुढे पेटी केवळ भाषांतर करणारी राहिली नाही, ती कुलपाची किल्ली सांभाळणारीही झाली. आजचा खरेदीचा निर्णय घेताना हाच बदल सर्वांत महत्त्वाचा आहे.

स्ट्रीमिंगची पेटी याच कुळातली. इंटरनेटवरून येणारा सिनेमा टीव्हीवर दाखवण्यासाठी नेटफ्लिक्सने स्वतःची पेटी तयार करवली होती. पण आपणच पेटी विकली तर इतर टीव्ही आणि प्लेअर कंपन्या दुरावतील, असा विचार करून ऐन वेळी नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी ते काम वेगळं काढलं. मे २००८ मध्ये रोकू या कंपनीने ती पेटी बाजारात आणली. २०१३ मध्ये गूगलने तीच कल्पना क्रोमकास्ट नावाच्या बोटभर स्टिकमध्ये बसवली. भारतात नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालं आणि अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१७ मध्ये आली.

पुढचा प्रसंग प्रत्येक गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावा असा आहे. १ डिसेंबर २०१९ ला त्या सुरुवातीच्या रोकू पेट्यांवर नेटफ्लिक्स बंद झालं. ज्या सेवेसाठी पेटी जन्मली, तीच सेवा तिला मिळेनाशी झाली. पेटी मोडली नव्हती. तिच्यातली कुलूप उघडण्याची जुनी पद्धत बाद झाली होती. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट जगभर एकाच वेळी अडले, कारण त्यांच्यातल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून ते पुन्हा चालू लागले. यंत्र धडधाकट असूनही पेटी म्हातारी होऊ शकते, आणि बनवणारा पाठीशी असेल तर पुन्हा उभीही राहते.

मग निर्णय कसा करावा? पडदा चांगला असेल तर टीव्ही बदलू नये. स्मार्ट टीव्ही म्हणजे पेटीच आत बसवलेला संच. १९६४ मध्ये पेटी संचात गेली ती अनेक दशकं तिथेच राहिली, कारण यूएचएफवरून संदेश पाठवण्याची रीत तेवढा काळ बदलली नाही. स्ट्रीमिंगची रीत मात्र दर काही वर्षांनी बदलते. त्यामुळे आतली पेटी जुनी झाली तरी बाहेरून नवी जोडणं हेच शहाणपणाचं आणि स्वस्ताचं. आहे ती पेटी नुसती मंद असेल, तर आधी वायफाय तपासावं, नको असलेली अ‍ॅप काढावीत, जागा मोकळी करावी. हवी ती सेवा चालत असेल आणि अपडेट येत असतील, तर नव्या पेटीची गरज नाही. अपडेट थांबले असतील किंवा रोजचं अ‍ॅप चालेनासं झालं असेल, तर बदलावी.

नवी घेताना आधी किल्ली पाहावी. वाइडवाइन एल१ म्हणजे व्हिडिओचं कुलूप उघडण्याची मान्यता; ती नसलेल्या स्वस्त, बिननावाच्या अँड्रॉइड पेट्यांवर ४के लिहिलेलं असतं, पण नेटफ्लिक्ससारख्या सेवा त्यांना एचडी चित्रही देत नाहीत. मग भाषा पाहावी. एचईव्हीसी आणि एव्ही१ या व्हिडिओ आटोपशीर करून पाठवण्याच्या दोन्ही पद्धती कळणारी पेटी पुढची काही वर्षं सहज मागे पडणार नाही. टीव्ही ४के नसेल तर ४के पेटीसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. ब्रॉडबँडबरोबर पेटी मिळत असेल, तर जोडणी बंद केल्यावर ती परत द्यावी लागते का, हे आधीच विचारावं. आणि सगळ्यांत शेवटी, पण आग्रहाने, दुकानदाराला एक प्रश्न विचारावा: कंपनी याला किती वर्षं अपडेट देणार? पेटीचं आयुष्य तिच्या प्लॅस्टिकवर नाही, या उत्तरावर ठरतं.