पडदा घरचा, निवड सभासदांची

चर्चगेटपासून विरार साठ किलोमीटरवर आहे. दादरला संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा चित्रपट संपेपर्यंत नऊ वाजतात. त्यावरची चर्चा ऐकायला थांबलेला वसई-विरारचा रसिक घरी पोहोचतो तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली असते. फिल्म सोसायटीची चळवळ मुंबईत अनेक दशके रुजलेली असूनही उपनगरांच्या टोकाला असलेल्या या पट्ट्यात ती फारशी का पोहोचली नाही, याचे निम्मे उत्तर लोकलच्या वेळापत्रकात सापडते. घराघरांत इंटरनेट आल्यानंतर, आणि विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर, हे अंतर ओलांडण्याचा एक मार्ग खुला झाला. सभासदांनीच चित्रपट निवडायचे, प्रत्येकाने आपापल्या घरी पाहायचे आणि ठरलेल्या वेळी एकत्र येऊन त्यावर बोलायचे, असे या ऑनलाइन फिल्म क्लबचे स्वरूप. वरवर नवी वाटणारी ही कल्पना मुळात बरीच जुनी आहे.

पोटेमकिनपासून प्रभातपर्यंत

व्यावसायिक चित्रपटगृहांत न येणारे चित्रपट सभासदांच्या वर्गणीतून मिळवून दाखवायचे, हा प्रयोग लंडनच्या फिल्म सोसायटीने १९२५ मध्ये सुरू केला. भारतात १९४० च्या दशकात मुंबईत बॉम्बे फिल्म सोसायटी स्थापन झाली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली, तेव्हा तिने पहिला चित्रपट दाखवला तो आयझेनस्टाइनचा 'बॅटलशिप पोटेमकिन'. देशभरातील अशा संस्थांचा महासंघ, म्हणजेच फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया, १९५९ च्या डिसेंबरमध्ये अस्तित्वात आला. राय त्याचे अध्यक्ष झाले.

या इतिहासातील एक मराठी नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे (१९२१-२०१९) शिक्षणासाठी इंग्लंडमधील लीड्स येथे गेल्या असता तेथील फिल्म सोसायटीच्या संपर्कात आल्या. परतल्यावर त्यांनी पाटण्यात आणि पुढे दिल्लीत फिल्म सोसायटीच्या उभारणीत पुढाकार घेतला. महासंघाच्या पहिल्या सहसचिवांमध्ये त्या होत्या. एका पिढीने दूरदर्शनवर असंख्य वेळा पाहिलेला 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा अॅनिमेशनपट त्यांचाच. पाटण्यासारख्या शहरात, जिथे जागतिक चित्रपट येण्याची सुतराम शक्यता नव्हती, तिथे मूठभर माणसांनी ठरवले तर तो येऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. केंद्रापासून दूर राहणाऱ्यांची ही अडचण वसई-विरारला अपरिचित नाही.

मुंबईत १९६८ मध्ये 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन झाले आणि मराठी मध्यमवर्गाला या चळवळीत हक्काची जागा मिळाली. सुधीर नांदगावकर हे तिचे प्रमुख शिल्पकार. त्यांचे २०२३ च्या जानेवारीत निधन झाले. 'वास्तव रूपवाणी' हे मंडळाचे नियतकालिक मराठीतील गंभीर चित्रपटलेखनाचे व्यासपीठ ठरले. पुण्यात आशय फिल्म क्लब, कोल्हापुरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी अशा संस्थांनी आपापल्या शहरात हेच काम केले. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि तेथील पी. के. नायर यांचा या सर्वांना मोठा आधार होता. संग्रहालयाच्या वितरण विभागातून १६ मिलिमीटरच्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांकडे जात. विदेशी दूतावास आणि मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्राँसेज यांसारखी सांस्कृतिक केंद्रे हा दुसरा स्रोत.

म्हणजे निवड सभासदांची असली तरी ती उपलब्ध डब्यांपुरतीच मर्यादित होती. जी प्रत मिळेल ती दाखवायची, हा शिरस्ता. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेले विदेशी चित्रपट केवळ सभासदांना दाखवण्याची सवलत महासंघाने मिळवली. तिच्यामुळे काही काळ सभासदसंख्या फुगली, त्यामागे निव्वळ कलाप्रेम होते असे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. व्हिडिओ, उपग्रह वाहिन्या आणि नंतर डीव्हीडी आल्यावर ही गर्दी ओसरली. उरले ते खरे रसिक आणि सभागृहाच्या भाड्याची चिंता.

विरार लोकलचा प्रश्न

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व लगतची काही गावे मिळून २००९ च्या जुलैत वसई-विरार महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. नोकरीसाठी रोज मुंबई गाठणाऱ्यांची ही वस्ती. आठवड्याचे सहा दिवस लोकलमध्ये उभे राहून प्रवास करणाऱ्याने सातव्या दिवशी पुन्हा त्याच गाडीने चित्रपट पाहायला जावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. पावसाळ्यात तर तेही हाती नसते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचून वसई-विरार दरम्यानची रेल्वेसेवा ठप्प झाली होती, हे येथील रहिवासी विसरलेले नाहीत.

या पट्ट्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे भाषा. वाडवळी आणि सामवेदी बोलणाऱ्या जुन्या वस्त्या, गुजराती, हिंदी, मल्याळम भाषक कुटुंबे आणि मुंबईतून घर घ्यायला आलेला मराठी नोकरदार एकाच गृहसंकुलात राहतात. अशा ठिकाणी क्लब निघाला तर पहिल्याच बैठकीत 'कोणत्या भाषेतला चित्रपट?' हा प्रश्न उभा राहतो. उपशीर्षके कोणत्या भाषेत, हा त्यापुढचा. इंग्रजी उपशीर्षके भरभर वाचता न येणारे ज्येष्ठ सभासद पहिल्या दोन चित्रपटांनंतर गुपचूप यायचे थांबतात. त्यामुळे पहिले काही महिने मराठी-हिंदी चित्रपटांवर भर द्यावा आणि विदेशी चित्रपटांपूर्वी मराठीत एक पानी टिपण सर्वांना पाठवावे, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. टिपणात कथा सांगून टाकू नये. दिग्दर्शक कोण, काळ कोणता, पाहताना कशाकडे लक्ष द्यावे, एवढे पुरे.

निवड कशी करायची?

क्लब टिकतो की बंद पडतो, हे याच प्रश्नावर ठरते. सर्वांत सोपा वाटणारा मार्ग बहुमताचा. दहा नावे मांडा, मते घ्या, ज्याला जास्त मते तो चित्रपट. व्यवहारात याचा परिणाम असा होतो की, सर्वांनी ज्याचे नाव ऐकले आहे तोच चित्रपट दर वेळी जिंकतो. ज्या चित्रपटासाठी क्लबची गरज नव्हती, तो पाहण्यासाठीच क्लब चालवल्यासारखे होते. शिवाय नेहमी हरणारे तीन-चार सभासद असतात, आणि बहुधा तेच सर्वाधिक चित्रपट पाहिलेले असतात.

पाळीने निवड हा त्याहून चांगला मार्ग. प्रत्येक सभासदाला क्रमाने एक चित्रपट निवडण्याचा अधिकार द्यायचा आणि ती निवड इतरांनी मान्य करायची. निवडणाऱ्याने टिपण लिहायचे आणि चर्चेची सुरुवातही त्यानेच करायची. अधिकाराबरोबर काम आले की निवडही विचारपूर्वक होते. दोन बंधने मात्र आधीच घालून घ्यावीत. चित्रपट कायदेशीररीत्या, सर्व सभासदांना परवडेल अशा ठिकाणी उपलब्ध असावा, हे पहिले. दुसरे लांबीचे, कारण सोमवारी पहाटे लोकल पकडायची असते. पंधरा-वीस सभासद असतील आणि पंधरवड्याला एक चित्रपट पाहिला जात असेल, तर प्रत्येकाची पाळी वर्षातून एकदा-दोनदा येते.

एकट्या चित्रपटापेक्षा जोडीने निवडलेले चित्रपट चर्चेला अधिक खाद्य देतात. व्हित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' (१९४८) आणि बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' (१९५३) ही अशी जोडी. १९५२ मध्ये भारतात झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात रॉय यांनी इटालियन नववास्तववादी चित्रपट पाहिले आणि त्यांचा प्रभाव त्यांच्या चित्रपटावर पडला. मराठीत जब्बार पटेल यांचे 'सामना' आणि 'सिंहासन' (१९७९) एकापाठोपाठ पाहिले, की विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेले सत्तेचे ग्रामीण आणि शहरी चेहरे समोरासमोर येतात. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) ही अगदी अलीकडच्या काळातील जोडी. जात आणि न्याय या विषयांवर दोघांचे सूर किती वेगळे आहेत, यावर एक संध्याकाळ सहज पुरते.

कायद्याची चौकट

ऑनलाइन क्लब काढणाऱ्यांची सर्वाधिक गफलत येथे होते. 'आम्ही तिकीट लावत नाही, मग अडचण कसली?' असा युक्तिवाद सर्रास केला जातो. हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे हे खरे, परंतु ती साहित्य, नाट्य आणि संगीतकृतींसाठी आहे. चित्रपटाचा त्यात समावेश नाही. शैक्षणिक संस्थांना मात्र विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक यांच्यापुरते चित्रपट दाखवण्याची मुभा त्याच कलमात आहे. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाच्या अंतर्गत चालणारा क्लब अधिक मोकळेपणाने काम करू शकतो.

नेटफ्लिक्ससारख्या सेवांची वर्गणी ही घरगुती, खासगी वापरासाठी असते. एकाने चित्रपट लावून व्हिडिओ कॉलवर पडदा इतर वीस जणांना दाखवणे हे त्या अटींत बसत नाही. तांत्रिकदृष्ट्याही ते बहुतेक वेळा जमत नाही, संरक्षित चित्राच्या जागी इतरांना काळा चौकोन दिसतो. प्रत्येकाने आपापल्या वर्गणीवर पाहावे, हाच सरळ मार्ग. सर्वांच्या घरी चित्रपट एकाच क्षणी सुरू व्हावा यासाठी टेलिपार्टीसारख्या सुविधा आहेत, त्यातही प्रत्येकाचे स्वतःचे खाते लागते. एकाच वेळी पाहण्याचा हट्ट न धरता चार दिवसांची मुदत द्यावी आणि चर्चेसाठी मात्र सर्वांनी एकत्र यावे, हे विरारला दहा वाजता पोहोचणाऱ्या सभासदाच्या दृष्टीने अधिक न्याय्य होय.

जुन्या चित्रपटांबाबत दिलासा आहे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे राहतो. १९६० मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. त्या हिशेबाने प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' (१९३६) किंवा आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) यांची मुदत केव्हाच उलटली आहे. गीत-संगीताचे हक्क स्वतंत्र असू शकतात आणि एखाद्या संस्थेने नव्याने दुरुस्त केलेली प्रत वापरायची तर त्या संस्थेला विचारणे शिष्टसंमत. फिल्म्स डिव्हिजनचे, जी २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, अनेक माहितीपट यूट्यूबवर अधिकृतपणे विनामूल्य पाहता येतात. कमी खर्चात सुरुवात करणाऱ्या क्लबसाठी हा खजिनाच आहे. चोरीच्या प्रतींचा मोह मात्र टाळलेलाच बरा. २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात चित्रपटाच्या बेकायदा ध्वनिचित्रमुद्रणासाठी आणि प्रसारणासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

नोंदणी आणि चर्चा

मित्रांच्या गटाला नोंदणीची आवश्यकता नाही. प्रत्यक्ष सभागृहात चित्रपट दाखवायचे, वर्गणी गोळा करायची आणि महासंघाचे सभासदत्व घ्यायचे, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदवावी लागते. महासंघाच्या पश्चिम विभागाचे काम मुंबईतून चालते. ऑनलाइन सुरू झालेल्या क्लबने वर्षभरात हा टप्पा गाठला, तर विदेशी दूतावासांचे चित्रपट आणि महोत्सवांची संगत त्याला मिळू शकते.

राहिली चर्चा. झूमच्या विनामूल्य सेवेत बैठक चाळीस मिनिटांनी आपोआप तुटते. अनेकांना हा अडथळा वाटतो, प्रत्यक्षात लांबट भाषणांना त्याहून चांगला लगाम नाही. पहिली पाच मिनिटे निवडणाऱ्याची, नंतर प्रत्येकाला दोन मिनिटे, उरलेला वेळ वादाला, अशी विभागणी केली की गप्प बसणारे सभासदही बोलतात. 'आवडला' आणि 'नाही आवडला' या शब्दांवर पहिल्या फेरीत बंदी घालावी. कोणते दृश्य लक्षात राहिले, एवढेच विचारावे. त्या दिवशी ज्याच्या घरची वीज गेली किंवा ज्याची गाडी नायगावच्या खाडीपुलावर अडकली, त्याच्यासाठी चर्चेचा सारांश लिहून ठेवण्याचे काम पुढच्या पाळीच्या सभासदाकडे द्यावे. वर्षअखेरीस या सारांशांची वही क्लबपाशी जमा होते, आणि नव्याने येणाऱ्या सभासदाला पहिल्या दिवशी तीच वाचायला देता येते.