घडीची लोखंडी खाट

जिची पोलादी नळ्यांची चौकट मध्यभागी बिजागरीवर दुमडता येते, पाय आत मिटतात आणि काम झाले की जी भिंतीलगत उभी करून ठेवता येते, अशी एका माणसाने झोपायची खाट. बोलण्यात तिला ‘फोल्डिंग कॉट’ किंवा नुसतेच ‘कॉट’ म्हणतात. बेळगाव-निपाणी सीमाभागात ती भाड्याच्या खोल्या, मंगल कार्यालये, मळ्यातल्या पंपाच्या खोल्या आणि एक-दोन खणी घरे अशा सगळ्या ठिकाणी आढळते. स्वस्त, हलकी आणि दुरुस्त होण्याजोगी वस्तू म्हणून ती टिकून आहे. मात्र तिची खरी पारख रंगावर किंवा वरच्या पट्टीवर होत नाही. ती होते नळीच्या जाडीवर आणि सांध्यावर.

रचना व प्रकार : चौकट बहुधा सौम्य पोलादाच्या नळीची, म्हणजे बाजारातल्या ‘एमएस पाइप’ची असते. नळी गोल किंवा चौकोनी, साधारण एक इंची. नेहमीचे माप ६ फूट लांब आणि अडीच किंवा ३ फूट रुंद. मध्ये दुमडणाऱ्या खाटेला पायांच्या तीन जोड्या असतात : उशाकडे एक, पायथ्याकडे एक आणि बिजागरीच्या खाली एक. ही मधली जोडी महत्त्वाची, कारण झोपलेल्या माणसाच्या कमरेचा भार तिथेच येतो आणि चौकटीचा सर्वांत कमकुवत सांधाही तिथेच असतो.

झोपायच्या पृष्ठभागाचे तीन प्रकार रूढ आहेत. नवार किंवा प्लॅस्टिकची विणलेली पट्टी हलकी आणि हवेशीर असते, पण कालांतराने तिला झोळ पडतो. प्लायवूडची फळी पाठीला सपाट आधार देते. वजन वाढते आणि ओल लागली की तिचे पापुद्रे सुटतात. पत्रा किंवा लोखंडी जाळी टिकाऊ खरी, पण थंडीत गार पडते आणि तिच्यावर गादी लागतेच. याखेरीज केवळ पाय मिटणारी अखंड चौकटीची कॉट, तीन घड्यांची खुर्चीवजा कॉट आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर कापड ताणलेली छावणीची खाट हेही प्रकार मिळतात.

पूर्वपीठिका : घडी होणारी खाट फार जुनी. प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामेन याचे थडगे १९२२ मध्ये उघडकीस आले, तेव्हा त्यात तीन घड्यांची लाकडी खाट सापडली. तिला कांस्याच्या बिजागऱ्या होत्या. आधुनिक घडीच्या खाटेला चालना दिली ती सैन्याने. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील रसीन येथे १८९२ मध्ये स्थापन झालेली गोल्ड मेडल ही कंपनी अशाच छावणीच्या सामानासाठी ओळखली गेली. लोखंडाचा शिरकाव मात्र रुग्णालयांमार्फत झाला. लाकडी पलंगाच्या खाचांत ढेकूण घर करतात आणि लाकूड धुऊन काढता येत नाही. रुग्णशुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच लोखंडी पलंगाचा पुरस्कार केला होता.

बेळगावात ब्रिटिशांची छावणी १८३२ मध्ये वसली आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून या शहरात आहे. बराकीतली एकसारखी लोखंडी खाट आणि तिच्या पायथ्याशी पत्र्याची पेटी हे दृश्य त्यामुळे इथल्या लोकांच्या ओळखीचे आहे.

सीमाभागातील वापर : बेळगाव हे शिक्षणाचे केंद्र. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये, गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९७९ मध्ये आणि विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झाले. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव या भागांत एका खोलीत दोघे-तिघे विद्यार्थी राहतात. जूनमध्ये घेतलेली कॉट शिक्षण संपताना पुढच्या मुलाला निम्म्या किमतीत द्यायची, हा तिथला सरळ व्यवहार. म्हणून जुनी कॉट घेणाऱ्याने ती चौथ्या-पाचव्या हातातली असू शकते हे गृहीत धरावे.

निपाणीत कारण वेगळे. तंबाखूच्या वखारींचे हे गाव, आणि घरोघरी बायका विड्या वळतात. दिवसभर पुढच्या खोलीत काम चालते : भिजवलेली तेंदूची पाने पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, दोऱ्याने बांधायचे. त्या खोलीत कायमचा पलंग मावत नाही. कॉट दाराआड उभी असते आणि जेवणे उरकल्यावर उघडली जाते. अशा घरात गादी-उशी दिवसा आतल्या खोलीत किंवा झाकून ठेवावी लागते, नाहीतर तंबाखूची धूळ अंथरुणात बसते.

लग्नाच्या संसारसाहित्यात कपाट, कॉट आणि गादी हा संच ठरलेला असतो. मंगल कार्यालये व मंडपवाले वऱ्हाडासाठी कॉट भाड्याने देतात. वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गावांना २०१९ आणि २०२१ मध्ये महापुराने वेढले, त्या वेळी घर सोडावे लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेच्या थंड फरशीवर निजण्यापेक्षा अशी खाट किती सोयीची, हे अनेकांना जाणवले. मळ्यात तिचा उपयोग आणखी निराळा : थ्री-फेज वीज अनेकदा रात्री येते, उसाला पाणी पाजायला माणूस रानातच थांबतो आणि पंपाच्या खोलीत दोन पाळ्यांमध्ये पाठ टेकायला कॉट लागते.

निवड : पहिला प्रश्न गेजचा. गेजचा आकडा वाढतो तशी नळीची भिंत पातळ होते : १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिमी, १८ गेज १.२ मिमी आणि २० गेज ०.९ मिमी. रंग दिल्यावर तिन्ही नळ्या सारख्याच दिसतात, म्हणून डोळ्यांऐवजी काट्यावर विश्वास ठेवावा. एक इंची गोल नळीचे एका मीटरचे वजन १६ गेजला साधारण ९४० ग्रॅम, १८ गेजला ७२० ग्रॅम आणि २० गेजला ५४० ग्रॅम भरते. ६ बाय ३ च्या कॉटला सुमारे १० मीटर नळी लागते. म्हणजे पट्टी किंवा फळी सोडून नुसती चौकट ९ किलोच्या आसपास भरली तर नळी जाड, ७ किलो भरली तर मध्यम आणि साडेपाच किलो भरली तर पातळ. रोज झोपायला १६ किंवा १८ गेज घ्यावे. २० गेजची कॉट अधूनमधून येणाऱ्या पाहुण्यापुरती ठीक.

दुसरी गोष्ट सांधा. बिजागरीसाठी नळीला थेट भोक पाडले असेल तर ताण त्या भोकाच्या कडेला साठतो आणि तडा तिथूनच जातो. नळीवर पट्टी किंवा कान वेल्ड करून त्यातून बोल्ट घातलेला सांधा अधिक काळ टिकतो. रिव्हेट स्वस्त पडते, पण ढिली झाली की आवळता येत नाही. नट-बोल्ट पान्याने आवळता येतो. वेल्डिंग सांध्याभोवती सलग फिरलेले असावे. नुसते दोन ठिपके देऊन वर रंग फासलेला असेल तर ती कॉट सोडून द्यावी.

दुकानात कॉट सपाट जमिनीवर उघडायला सांगावी. आधी रिकामी असताना एका कोपऱ्याला हात लावून पाहावे. डुगडुगली तर चौकट पिळलेली आहे. मग मधोमध बसावे, नंतर पायथ्याच्या अगदी टोकाला. टोकाला बसताच दुसरे टोक उचलले गेले तर पाय फार आत घेतलेले आहेत. रात्री उठताना अशी कॉट माणसाला पाडते. शेवटी आडवे होऊन कूस बदलावी. नव्या कॉटने करकर केली तर वर्षभराने ती घर जागे ठेवील.

उंची माणसानुसार ठरवावी. गुडघे दुखणाऱ्यांना १६ ते १८ इंच उंचीवरून उठणे सोपे जाते. बाजारातल्या पुष्कळ कॉट याहून बुटक्या असतात. इथे सीमाभागातील ग्राहकाला एक सोय आहे. ओतकाम आणि यंत्रकामाचे शहर असल्याने बेळगावात वेल्डिंग जाणणारा कारागीर शोधावा लागत नाही, आणि फॅब्रिकेशनच्या दुकानात गेज, उंची व लांबी सांगून कॉट करून घेता येते. सहा फुटांच्या माणसाला सहा फुटी कॉट अपुरीच पडते. त्याने साडेसहा फुटी सांगावी. काम सांगताना वेल्डिंगनंतर रेड ऑक्साइडचा हात मारूनच रंग द्यायला बजावावे. पावडर कोटिंग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला पक्के होते, त्यामुळे ते हाताने दिलेल्या रंगापेक्षा चिवट असते. मात्र त्यानंतर वेल्डिंग केले तर तेवढा भाग जळतो.

वापर व निगा : कॉट उघडताना दोन्ही हात बाहेरच्या चौकटीवर ठेवावेत. बिजागरीजवळ बोट चेंगरण्याचे प्रकार घाईत होतात, आणि ते बहुधा मदतीला धावलेल्या मुलांच्या बाबतीत. पाय पूर्ण ताठ झाले आणि अडकण बसली याची खात्री करून मगच बसावे. कॉटवर उभे राहून पंखा पुसू नये. झोपलेल्या माणसाचा भार पसरतो, उभ्या माणसाचा तळपायाएवढ्या जागेवर येतो. जाड कापसाची गादी कॉटसोबत दुमडली जात नाही, म्हणून नदाफाकडून तीनेक इंचांची पातळ गादी भरून घेणे सोयीचे.

खरा शत्रू गंज. बेळगावात पाऊस जूनपासून चार महिने मुक्काम ठोकतो. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात तर भिंतीही ओल्या राहतात. नळीच्या बाहेर रंग असतो, आत नसतो. उघड्या टोकांतून ओल आत शिरते आणि नळी आतून कुजते. म्हणून सर्व टोकांना रबरी किंवा प्लॅस्टिकची बुचे हवीतच. ती ढेकणांनाही वाट देत नाहीत. फरशी पुसल्यावर पायाच्या बुचात पाणी साठते, म्हणून बुचे अधूनमधून काढून पुसावीत. मातीच्या जमिनीवर पाय रुततात, तेव्हा खाली फरशीचे तुकडे ठेवावेत. बिजागरीला पावसाळ्याआधी तेलाचे दोन थेंब पुरतात. प्लॅस्टिकची पट्टी उन्हात ठिसूळ होते, त्यामुळे गच्चीवर झोपणाऱ्यांनी सकाळी कॉट आत घ्यावी.

सुरक्षितता : लोखंडातून वीज वाहते. टेबल पंख्याची वायर कॉटच्या पायाखाली चेपली आणि आवरण फाटले तर साऱ्या चौकटीत वीज उतरते; खाली ओली फरशी असली तर धोका आणखी वाढतो. वायर कॉटखालून नेऊ नये. पंपाच्या खोलीत कॉट स्टार्टरपासून दूर ठेवावी आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा.

शेतवस्तीवर कॉटचा मोठा गुण वेगळाच आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच दंश करते; दंश फारसा दुखत नसल्याने तो पुष्कळदा कळतही नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आग्नेय नेपाळात झालेल्या पाहणीत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून संरक्षण मिळत असल्याचे दिसले. कॉट भिंतीपासून हातभर दूर, चादर जमिनीला न टेकणारी आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली, एवढे रानात झोपणाऱ्याने रोज पाळावे.

दुरुस्ती व अखेर : झोळ पडलेली पट्टी नव्याने विणता येते, बोल्ट बदलता येतो, पायाचा सुटलेला सांधा पुन्हा वेल्ड करता येतो. पण बिजागरीशेजारी नळीलाच तडा गेला असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. पातळ नळी वेल्डिंगच्या आचेने आणखी खाल्ली जाते आणि तडा काही महिन्यांत शेजारी उघडतो. अशी कॉट कुणाला वापरायला देऊ नये. ती भंगारात किलोवर घालावी.