दौलताबादेतील परके

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी नेली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग तर वृत्तपत्रांनी पार गुळगुळीत करून टाकला आहे. सुलतानाच्या लहरीची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्या हुकमासरशी जे येथे आले, ते या परक्या गावी रुळले कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते खरा इतिहास तेथून सुरू होतो.

सारी दिल्ली ओस पडली, असे जियाउद्दीन बरनी लिहितो. आधुनिक अभ्यासक यात अतिशयोक्ती पाहतात. स्थलांतर झाले ते मुख्यतः अमीर-उमराव, अंमलदार, उलेमा, सूफी आणि त्यांच्या परिवारांचे. म्हणजे आजच्या भाषेत, बदलीचा हुकूम निघालेल्या नोकरदारांचे! इब्न बतूता ही वाट ४० दिवसांची सांगतो. येथील द्राक्षे-डाळिंबांची आणि गाणाऱ्यांच्या बाजाराची त्याने तारीफ केली आहे. पण तो वाटसरू होता. राहावयास आलेल्यांची गोष्ट निराळी.

ती शोधावयाची तर खुलताबादेस जावे लागते. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब उतारवयात दिल्लीहून इकडे आले आणि १३३७ मध्ये येथेच निवर्तले. मराठीत 'गरीब' म्हणजे निर्धन. मूळ अरबीत मात्र त्या शब्दाचा अर्थ परका, घरापासून दुरावलेला. त्यांच्या बैठकींतील संभाषणे रुक्नुद्दीन काशानी या शिष्याने 'नफाइसुल अन्फास' या फारसी ग्रंथात टिपून ठेवली. औलियांची वचने नोंदविणारा दिल्लीचा कवी अमीर हसन सिजझी हाही याच परिसरात मातीआड झाला. पुढे सुलतानाने परतण्याची मुभा दिली आणि अनेकजण परतले. परंतु ज्यांचे वाडवडील येथे पुरले गेले होते, त्यांना 'परत' म्हणजे नेमके कोठे, हा प्रश्न पडलाच असेल. १३४७ मध्ये दख्खनच्या अमीरांनी दिल्लीची सत्ता झुगारली आणि बहमनी राज्याचा आरंभ दौलताबादेतच झाला. राजधानी हलविल्याला तेव्हा अवघी २० वर्षे झाली होती.

राजकीय फारकतीहून अधिक टिकली ती बोली. उत्तरेकडून आलेल्या भाषेला बाजारात, विहिरीवर, शेजाराशी व्यवहार करताना मराठीची साथ घ्यावी लागली. दखनीतील 'नक्को' आणि ठासून सांगणारा 'च' ही त्या शेजाराची देणगी होय. नकार देणे आणि आग्रह धरणे, या दोन गोष्टी माणूस स्थानिक भाषेत करू लागला की तो पाहुणा उरत नाही. याच परंपरेत औरंगाबादचा कवी वली वाढला. १७०० च्या सुमारास तो दिल्लीस गेला आणि पुढे त्याच्या दिवाणाने तेथील फारसीनिष्ठ कवींना आपल्या बोलीत गझल लिहिण्याची उमेद दिली. दिल्लीने पाठविलेली भाषा पावणेचारशे वर्षांनी दख्खनचा पेहराव करून दिल्लीस पोचली.

नगराचे नाव २०२३ मध्ये पुन्हा बदलले. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत आजही दूरदूरची माणसे पोटासाठी येतात, आणि 'हे बाहेरचे' असे आपण सहज म्हणून जातो. तसे म्हणताना आपल्या बोलीतील किती शब्द एके काळी बाहेरचेच होते, एवढे आठवले तरी पुरे.